वंगण पिनेपर्यंत पोचतं का?

अकोले तालुक्यात मोटारसायकलच्या चेनला काय लावावं, या प्रश्नाला एकच उत्तर मिळणं अवघड आहे आणि त्याचं पहिलं कारण तालुक्याच्या नकाशातच आहे. पश्चिमेला कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या अंगाला, घाटघर-रतनवाडीकडे, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर प्रवरेकाठी अकोले शहर येईपर्यंत तोच पाऊस काही शे मिलिमीटरवर उतरतो. राजूरच्या वर भातखाचरांचा चिखल, खाली ऊस, कांदा आणि टोमॅटोच्या रानांतली चिकट काळी माती, आणि गाळपाच्या हंगामात अगस्ती कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाड्यांमागे उडणारी धूळ. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दुधाचे कॅन पोचवणारी, मधल्या वेळात खताची गोणी आणणारी, कोल्हार-घोटी रस्त्याने संगमनेरला किंवा घोटीला जाऊन येणारी गाडी हे सगळं अंगावर घेते. इंजिन त्यापासून बंदिस्त असतं. चेन नसते.

यावरचा वाद गॅरेजात जुनाच आहे. एक बाजू नव्वद नंबर ऑईलची, दुसरी स्प्रेची, तिसरी ग्रीसची, आणि फुकट मिळतं म्हणून चौथी काळ्या ऑईलची. प्रत्येक बाजूकडे काही तथ्य आहे, आणि ते नीट मांडणं हा या आढाव्याचा हेतू आहे. मात्र सगळा पुरावा एकत्र ठेवला की एक गोष्ट पुढे येते. वाद बाटलीवरच्या नावाभोवती फिरत राहिला आहे, आणि चेनचं आयुष्य मात्र त्या नावापेक्षा ते तेल कुठे पोचलं, कधी लावलं आणि लावण्याआधी तिथे काय साचलेलं होतं, यावर जास्त ठरतं.

चेन नेमकी झिजते कुठे

आज गाडीवर दिसणारी रोलर चेन १८८० ची. मूळचे स्वित्झर्लंडचे हान्स रेनॉल्ड यांनी ती इंग्लंडात मँचेस्टरला तयार केली. त्याआधीच्या चेनमध्ये पिनेचा भार पातळ पट्टीच्या कडेवर यायचा आणि ती कड लवकर कापली जायची. रेनॉल्ड यांनी पिनेभोवती बुश घातला आणि बुशवर फिरता रोलर बसवला, त्यामुळे भार पूर्ण रुंदीवर पसरला. दीडशे वर्षं होत आली तरी ही रचना मुळात बदललेली नाही. कोइमतूरची रोलोन घ्या नाहीतर चेन्नईची डायमंड, आत तीच पिन, तोच बुश आणि तोच रोलर आहे.

गॅरेजात आपण म्हणतो, चेन ‘वाढली’ किंवा ‘ताणली’. प्रत्यक्षात लोखंडाची पट्टी ताणली जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, तिथे फट पडते, आणि शंभर फटींची बेरीज आपल्याला वाढलेली चेन म्हणून दिसते. ४२८ मापाच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. अशा १०० लिंकच्या चेनची लांबी १२७० मिलिमीटर भरते. प्रत्येक सांध्यात फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली तरी चेन १० मिलिमीटरने वाढते, आणि ती वाढ चक्रीच्या दातांवर चढून दात आकड्यासारखे वाकडे करते. म्हणून झिजलेल्या चक्रीवर नवी चेन टिकत नाही आणि मिस्त्री सगळा चेनसेटच बदलायला सांगतो.

आता या सांध्यावर किती काम पडतं ते पाहू. मागच्या चक्रीला ४२ दात, चेन १०० लिंकची आणि मागच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये चेनच्या सव्वादोनशेच्या आसपास पूर्ण फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा दोन्ही चक्र्यांवर चढताना आणि उतरताना मिळून चार वेळा वाकतो, आणि त्यातली दोन वळणं चेनच्या ताणलेल्या बाजूला, पूर्ण भाराखाली होतात. म्हणजे किलोमीटरला जवळपास नऊशे वळणं, पाचशे किलोमीटरला साडेचार लाखांच्या घरात. ही सगळी घासाघीस पिन आणि बुश यांच्यातल्या केसभर फटीत होते. वरून काळीभोर, तेलकट दिसणारी चेन आत कोरडीठाक असू शकते. बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे.

चार बाजू

नव्वद नंबर ऑईल म्हणजे गिअर ऑईल. अनेक मोटारसायकलींच्या मॅन्युअलमध्ये ८० किंवा ९० नंबरचं गिअर ऑईल चेनसाठी वर्षानुवर्षं सुचवलेलं आहे, तेव्हा या बाजूला केवळ जुनी सवय म्हणता येणार नाही. नंबरावरून एक गैरसमज मात्र होतो. ९० नंबरचं ऑईल ४० नंबरच्या इंजिन ऑईलपेक्षा दुपटीहून घट्ट असेल असं वाटतं, पण गिअर ऑईलची मोजपट्टी वेगळी आहे. ९० नंबरचा घट्टपणा इंजिन ऑईलच्या ४० ते ५० नंबराच्या आसपास येतो. म्हणजे ते फटीत शिरण्याइतकं पातळ आहे आणि दाबाखाली टिकण्याइतकं घट्टही. त्याचा तो उग्र वास गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. धातूवर धातू दाबला गेला तरी मध्ये थर राहावा म्हणून ती घातलेली असतात. दोष दोन आहेत. ते उडतं, रिमवर आणि पँटवर ठिपके सोडतं, आणि ओलं राहत असल्यामुळे धूळ धरतं. धूळ आणि तेल मिळून जो काळा लगदा होतो, तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. मार्च ते मे या काळात अकोल्याच्या पूर्व भागात ही तक्रार सर्वात खरी ठरते.

स्प्रेची बाजू नेमकं इथूनच सुरू होते. डब्यातलं वंगण घट्ट आणि चिकट असतं, पण ते उडून जाणाऱ्या पातळ द्रवात मिसळलेलं असतं. फवारल्यावर ते पाण्यासारखं आत शिरतं, पातळ भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. कल्पना चांगली आहे आणि पावसात तिचा उपयोगही दिसतो, कारण हा थर लवकर धुऊन जात नाही. पण हे सगळं घडायला वेळ लागतो. फवारून लगेच गाडी काढली तर द्रव उडण्याआधीच वंगण चिखलरक्षकावर जातं. स्प्रेमध्येही पोटभेद आहेत. काही फार चिकट असून धुळीला आमंत्रण देतात. काही मेणासारखे कोरडे राहतात, ते धुळीत चांगले पण मुसळधार पावसात लवकर हरतात. शिवाय डबा काही शे रुपयांना मिळतो आणि त्यात वंगणाचं प्रमाण कमी असतं. रोज दूध घालणाऱ्याने हा खर्च मोजला तर त्यात गैर काही नाही.

ग्रीसबद्दल मतं टोकाची आहेत. समर्थक म्हणतात, ग्रीस उडत नाही आणि पाण्याने जात नाही. हे बाहेरच्या थरापुरतं खरं आहे. अडचण अशी की ग्रीस फटीत शिरत नाही. कारखान्यांमधल्या चेनसाठी रेनॉल्डसारख्या उत्पादकांचं मार्गदर्शनही सामान्य तापमानाला ग्रीस आणि फार जाड तेल टाळण्याकडेच आहे, कारण दोन्ही सांध्याच्या आतवर पोचत नाहीत. याला एक जुना अपवाद आहे. साधी चेन काढून, धुऊन, वितळलेल्या ग्रीसच्या किंवा मेणाच्या डब्यात बुडवायची. गरम असताना ते पाण्यासारखं आत जातं आणि थंड झाल्यावर तिथेच गोठतं. यामुळे चेन खरोखर चांगली टिकते, पण दर खेपेला लॉक काढून चेन उतरवणं आणि आगीशी खेळणं किती जणांना जमेल हा प्रश्न उरतोच. सील असलेल्या चेनला तर ही रीत चालतच नाही, कारण उष्णतेने रबर जातं.

राहिलं काळं ऑईल, म्हणजे इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल. फुकट असल्यामुळे त्याचा वापर सर्वात जास्त दिसतो. त्याच्या बाजूने एवढं म्हणता येतं की कोरड्या चेनपेक्षा ते बरं, आणि गंजापासून थोडं वाचवतं. पण त्यात इंजिनाच्या झिजेचे धातूकण, काजळी आणि आम्लं असतात. ज्या फटीतून कण बाहेर ठेवायचे, तिथे आपण ते स्वतःच्या हाताने भरतो. सतत कातडीला लागणंही घातक आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जळक्या इंजिन ऑईलने कातडीचा कर्करोग झाल्याचं दिसलेलं आहे. आणि २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल हा नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे द्यायचा कचरा आहे. ज्यांना खर्च टाळायचा आहे त्यांच्यासाठी सर्व्हिसिंगनंतर डब्यात उरलेलं नवं इंजिन ऑईल हा कितीतरी चांगला पर्याय आहे. साध्या, बंद कव्हरमधल्या चेनला ते पुरतं.

स्वयंपाकघरातलं तेल हा पाचवा पर्याय मधूनमधून सुचवला जातो. त्यामागे बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालण्याची आठवण आहे, आणि ती चुकीची नाही. एरंडेल हे खरंच उत्तम वंगण. कॅस्ट्रॉल हे नाव एरंडीच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आलं. पण सगळी गोडी तेलं एरंडेलासारखी नसतात. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं आहेत, हवेत त्यांचा थर घट्ट होऊन चिवट पापुद्रा बनतो. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. चेनमध्ये हाच गुण सांधा आवळून टाकतो.

सीलने बदललेला प्रश्न

१९७० च्या दशकापासून मोठ्या गाड्यांवर ओ-रिंगच्या चेन आल्या आणि आता आपल्याकडे १५० सीसीच्या पुढच्या बऱ्याच गाड्यांवर त्या किंवा त्यांच्या सुधारलेल्या एक्स-रिंगच्या आवृत्त्या असतात. यात पिन आणि बुश यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंना रबरी कडं बसवतात. म्हणजे सर्वात महत्त्वाच्या जागी वंगण आधीच आहे आणि बाहेरून काही आत जाऊ शकत नाही. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की अशा चेनला तेलाची गरजच नाही. तो अर्धाच बरोबर आहे. रोलर आणि बुश यांच्यामध्ये सील नसतं, रोलर दातावर आपटतो तिथेही नसतं, पट्ट्या गंजतात, आणि रबर कोरडं पडलं की घासून फाटतं. तेव्हा इथे तेलाचं काम वेगळं आहे. सील जपणं आणि गंज रोखणं हे मुख्य, झीज थांबवणं नंतरचं.

त्यामुळे अशा चेनच्या बाबतीत काय लावता यापेक्षा कशाने धुता हा प्रश्न मोठा ठरतो. सील बहुधा नायट्राइल रबराचं असतं. रॉकेल, डिझेल आणि खनिज तेल त्याला सहसा त्रास देत नाहीत. पेट्रोल आणि ब्रेक क्लीनरसारखे तिखट द्रव त्याला फुगवतात किंवा कडक करतात. पेट्रोलच्या आगीचा धोका आहेच. तारेचा ब्रश सील फाडतो. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पाणी सीलच्या आत ढकललं जातं आणि मग तिथून बाहेर पडत नाही. डब्ल्यूडी-४० वरचा वाद याच मुद्द्यावर अडला आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी तयार झालेलं हे द्रावण सीलला मारक आहे असं अनेक जण मानतात, कंपनी ते मानत नाही. सीलचं काहीही असो, चेन पुसून काढायला आणि पाणी घालवायला ते चांगलं आहे, वंगण म्हणून मात्र फार पातळ. त्याच्यामागून खरं वंगण लावावंच लागतं.

कधी आणि कुठे

तेल कधी आणि कुठे घालावं याबद्दल वाद जवळजवळ नाही, आणि दुर्लक्ष सर्वात जास्त आहे. कंपन्यांची मॅन्युअल सर्वसाधारणपणे ५०० ते १००० किलोमीटरचं अंतर सांगतात आणि पावसाळ्यात, धुळीत ते कमी करायला सांगतात. दिवसाला चाळीस किलोमीटर दूध वाहणाऱ्या गाडीचे ५०० किलोमीटर बारा-तेरा दिवसांत होतात, म्हणजे दर दुसऱ्या आठवडे बाजाराला एकदा. भंडारदऱ्याच्या वरच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. भिजलेली साधी चेन रात्रीत तांबूस होते, तेव्हा भिजून आल्यावर पुसणं आणि चार थेंब सोडणं हाच हिशोब.

वेळ संध्याकाळची, गाडी चालून आल्यानंतरची. कोमट चेनमध्ये तेल सहज शिरतं आणि रात्रभर आत मुरतं, पातळ द्रव उडून जातो. सकाळी निघताना तेल घालून लगेच पळवलं तर निम्मं रस्त्यावर पडतं. जागा चेनच्या खालच्या पदराची आतली बाजू, म्हणजे चक्रीकडचं अंग. चेन फिरताना तेल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, त्यामुळे आतून घातलेलं तेल सांध्यातून जाऊन बाहेर पडतं. थेंब रोलरच्या मधोमध नाही, तर आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधल्या फटीवर पडायला हवा, कारण पिनेकडे जाणारी वाट तीच आहे. सुईच्या बाटलीतून प्रत्येक लिंकला दोन्ही बाजूंना एकेक थेंब पुरतो. जास्तीचं दहा-पंधरा मिनिटांनी फडक्याने पुसून टाकायचं. पुसणं म्हणजे तेल वाया घालवणं असं वाटतं, पण बाहेरचा थर धूळ धरण्यापलीकडे काही करत नाही. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला आणि चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फडकं धरलं की ते चक्रीत ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं जातात. चेनच्या देखभालीत माणसाला कायमचं अधू करणारा धोका एवढाच आहे, म्हणून तो स्पष्ट सांगायला हवा.

हरकती

पहिली हरकत वजनदार आहे. शंभर सीसीच्या हजारो गाड्या वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगखेरीज तेलाचा थेंब न घेता चालतात, मग एवढा खटाटोप कशाला? निरीक्षण बरोबर आहे, पण त्याचं श्रेय तेलाच्या अनावश्यकतेला नाही. १९८५ च्या सीडी १०० पासून अशा गाड्यांना पूर्ण चेन कव्हर आहे. ते धूळ आणि पाणी बाहेर ठेवतं आणि उडालेलं तेल आतच राखतं. इंजिनची ताकदही कमी असते. म्हणजे तो अनुभव उलट बाजूचाच पुरावा आहे. मळ बाहेर ठेवला तर साधं तेलही पुरतं. याच गाडीचं कव्हर आवाज करतं म्हणून काढून टाकलं, किंवा चेनचा ढिलेपणा पाहायच्या भोकावरचं रबरी बूच हरवलं, की तीच चेन पहिल्या पावसाळ्यात उघडी पडते. चांगल्या स्थितीतलं कव्हर हे कुठल्याही महागड्या वंगणापेक्षा जास्त किमतीचं आहे, असं माझं मत आहे, आणि शेतरस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जास्तच ठाम आहे.

दुसरी हरकत प्रयोगशाळेतून येते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलच्या चेनची कार्यक्षमता मोजली. ती ८१ ते ९८.६ टक्क्यांच्या दरम्यान भरली, आणि फरक पडला तो चेनच्या ताणाने आणि चक्रीच्या आकाराने. कोणतं वंगण लावलं याचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. यावरून वंगण निरुपयोगी ठरतं का? नाही. त्या प्रयोगात चेन स्वच्छ होती, धूळ-पाणी नव्हतं, आणि मोजली गेली ती ऊर्जेची गळती, झीज नव्हे. फारशी ऊर्जा वाया न घालवताही एखादा सांधा हळूहळू झिजू शकतो. पण या प्रयोगातून एक धडा खरोखर घेण्यासारखा आहे. अमुक ब्रँडने ॲव्हरेज वाढतं हा दावा फार जपून स्वीकारावा. त्याखेरीज चेन फार ताठ किंवा फार ढिली ठेवू नये. स्विंगआर्मवरच्या पट्टीवर लिहिलेला ढिलेपणा, साध्या गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर, हा वंगणाइतकाच महत्त्वाचा आहे. मागे दोन कॅन किंवा माणूस बसला की स्विंगआर्म वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ केलेली चेन अशा वेळी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देते.

तिसरी हरकत खर्चाची. चेनसेट दोन-तीन वर्षांनी बदलावाच लागणार, मग तेलावर पैसे आणि वेळ का घालवावा? याचं उत्तर प्रत्येकाच्या धावेवर अवलंबून आहे. महिन्याला दोनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला महागड्या स्प्रेची गरज नाही हे मान्यच. पण झिजलेली चेन घाटात उतरली आणि मागच्या चाकात अडकली तर चाक जाम होतं. बारी किंवा घाटघरच्या उतारावर याची किंमत चेनसेटएवढी राहत नाही. त्यामुळे तेल कितीही कमी घालायचं ठरवलं तरी मोजमाप चुकवू नये. चेन ताणून २० लिंकचं अंतर मोजायचं. नव्या ४२८ चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर असतं. साडेदोन मिलिमीटर वाढ म्हणजे एक टक्का, पाच म्हणजे दोन टक्के. कंपन्यांची मर्यादा गाडीगणिक या एक-दोन टक्क्यांच्या आगेमागे असते.

काय सुटलेलं नाही

सर्वात मोठा अनुत्तरित प्रश्न वंगण एकाच वेळी चिकट आणि कोरडं कसं असावं हा आहे. पावसाला चिकटपणा हवा, धुळीला कोरडेपणा. जिथे हवामान वर्षभर सारखं असतं तिथे निवड सोपी. अकोल्यासारख्या तालुक्यात ती ऋतूनुसार बदलणं हाच आजचा समंजस मार्ग दिसतो: पावसाळ्यात चिकट स्प्रे किंवा वारंवार नव्वद नंबर, उन्हाळ्यात मेणाचं किंवा अगदी थोडं, नीट पुसलेलं तेल. पण ऋतू बदलताना जुना थर पूर्ण धुतला नाही तर नवं वंगण त्यावर बसत नाही. म्हणजे दोन प्रकारची वंगणं वापरण्याचा फायदा धुण्याच्या शिस्तीवर येऊन ठेपतो. ही शिस्त घरोघरी कितपत पाळली जाईल, याबद्दल अनुभवी मिस्त्रींमध्येही एकमत नाही. एकच मधलं तेल वर्षभर, पण वेळच्या वेळी, असा सल्ला देणारे अनेक आहेत, आणि त्यांचं म्हणणं सहज खोडता येण्यासारखं नाही.

दुसरा प्रश्न धुतल्यावर उरणाऱ्या काळ्या डिझेलचा. चेन धुण्याची सोयीची जागा म्हणून गाडी ओढ्यावर नेली जाते, आणि तालुक्यातले ओढे प्रवरा, मुळा किंवा आढळेला मिळतात. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी याच प्रवरेतून खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांपर्यंत जातं. लवकर विघटन होणारी, वनस्पतिजन्य तेलांपासून बनवलेली चेनची वंगणं बाजारात आहेत. लाकूड कापायच्या यंत्रांच्या चेनसाठी युरोपात ती बऱ्यापैकी रुळली आहेत. पण तिथे तेल सतत नवं पडत राहतं. आठ-दहा दिवस सांध्यात टिकून राहण्याची कसोटी मोटारसायकलची आहे, आणि वनस्पती तेलांची पापुद्रा धरण्याची जुनी खोड तिथे पुन्हा पुढे येते. तोवर जुन्या डब्यात धुणं, गाळ खाली बसू देणं, वरचं डिझेल पुढच्या धुण्याला वापरणं आणि उरलेला काळा गाळ गॅरेजच्या जळक्या ऑईलच्या पिंपात टाकणं एवढा मार्ग उपलब्ध आहे. त्या पिंपातलं ऑईल पुढे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे जातं की कुणाच्या तरी चेनवर परत येतं, हे गॅरेजमालकाला विचारायला हवं.